बाहुली मोठी करणारा थेंब

सर्दीने नाक चोंदले की नागपूरजवळच्या वाडीतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानातून जी गोळी आणली जाते, तिच्या पाकिटावर बारीक अक्षरांत बहुतेक वेळा फेनिलेफ्रीन हे नाव असते. प्रमाण ५ किंवा १० मिलिग्रॅम. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसवणे, एवढेच तिथे त्याचे काम. मोठी माणसे ती गोळी चहाबरोबर घेऊन कामाला लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र देशाच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रीन यांचे एक प्रचलित मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापायला कंपन्यांना सांगितले.

हेच फेनिलेफ्रीन नागपूरच्या नवजात अतिदक्षता विभागांत किलो-सव्वा किलोच्या बाळांच्या डोळ्यांत टाकले जाते. टाकावेच लागते, कारण ते टाकले नाही तर डोळ्याची बाहुली मोठी होत नाही, बाहुली मोठी झाली नाही तर आतला पडदा कडेपर्यंत दिसत नाही, आणि तो वेळेत पाहिला नाही तर काही बाळांची नजर कायमची जाते. पण त्या थेंबात किती औषध असते, हे एकदा मांडून पाहावे. अडीच टक्क्यांच्या द्रावणात दर मिलिलिटरमागे २५ मिलिग्रॅम औषध असते. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा धरला, तर त्यात सव्वा मिलिग्रॅम औषध आले. दोन्ही डोळ्यांत दोन-दोन वेळा टाकले की ५ मिलिग्रॅम होतात. म्हणजे मोठ्या माणसाच्या सर्दीच्या गोळीतले औषध एक किलोच्या जिवाला. भूल देणारे डॉक्टर रक्तदाब घसरलेल्या प्रौढ रुग्णाला हे औषध शिरेतून देतात तेव्हा एका वेळी ५० ते १०० मायक्रोग्रॅम देतात. एका थेंबातले औषध त्याच्या बारा पटींहून अधिक भरते.

सगळेच औषध अंगात जात नाही, हे खरे. पण जाते ते कोणत्या वाटेने, हे समजून घेण्यासारखे आहे. एवढ्याशा डोळ्याच्या खाचेत थेंबाचा लहानसा वाटाच मावतो. उरलेला काही गालावर ओघळतो आणि काही डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून अश्रुनलिकेत, तिथून नाकात उतरतो. रडल्यावर नाक वाहते ते याच वाटेने. नाकाच्या आतल्या ओल्या त्वचेखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, त्यामुळे तिथे पोहोचलेले औषध लवकर रक्तात मिसळते. गोळीतल्या औषधाचा मोठा भाग आतड्यात आणि यकृतात निकामी होतो. नाकातून गेलेल्या औषधाला आधी यकृताची ही वाट धरावी लागत नाही. कमी दिवसांच्या बाळाची कातडीसुद्धा इतकी पातळ असते की गालावर ओघळलेला थेंबही तिच्यातून आत झिरपतो. थेंब टाकल्यावर पापण्यांभोवतीची कातडी पांढरी पडलेली पुष्कळ परिचारिकांनी पाहिलेली असते. औषध डोळ्याबाहेरच्या रक्तवाहिन्याही आकसवते आहे, याचाच तो पुरावा असतो.

ज्या आजारासाठी हे सारे करायचे, त्याचे नाव रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. डॉक्टर त्याला आरओपी म्हणतात. गर्भातल्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून मधून कडेकडे वाढू लागतात. नाकाच्या बाजूची कड त्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गाठतात आणि कानाच्या बाजूची कड दिवस भरता भरता. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या पडद्याचा कडेचा भाग म्हणूनच रक्तवाहिन्यांविना असतो. बाहेरच्या जगात प्राणवायू एकाएकी जास्त मिळाला की या वाहिन्यांची वाढ थांबते. पुढे पडदा वाढू लागला, त्याला रक्त कमी पडू लागले की त्या पुन्हा वाढतात, पण वेड्यावाकड्या. त्यांचे जाळे पडद्याला ओढते आणि शेवटी तो सुटतो.

बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये अशा बाळांची पहिली नोंद केली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ऑक्सिजनकडे दाखवले. इन्क्युबेटरच्या पेटीत ऑक्सिजन तेव्हा बेहिशेबी सोडला जाई. जितका जास्त तितका चांगला, अशी समजूत होती. प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर १९५० मध्ये मिशिगनमध्ये असाच वेळेआधी जन्मला आणि अंध झाला. अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने संशय खरा ठरवला, ऑक्सिजनला कात्री लागली आणि अंधत्व झपाट्याने घटले. मग दुसरी बाजू उघडी पडली. १९७३ मध्ये के. डब्ल्यू. क्रॉस यांनी हिशेब मांडला की ऑक्सिजन तोडून वाचवलेल्या एकेका नजरेमागे सुमारे १६ बाळे दगावली असावीत. त्यांची फुप्फुसे तेवढ्या ऑक्सिजनावर तग धरू शकली नव्हती.

याच फुप्फुसांचा एक आजार १९६७ मध्ये स्टॅनफर्डच्या नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला. व्हेंटिलेटर आणि भरपूर ऑक्सिजन यांच्या आधाराने जगलेल्या बाळांच्या छातीचे एक्स-रे त्यांना वेगळे दिसले. ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया, म्हणजे बीपीडी, हे नाव त्यांचेच. आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजून ३६ आठवडे भरले तरी ज्या बाळाचा ऑक्सिजन सुटत नाही, त्याला आज बीपीडी झाला असे ढोबळमानाने मानतात. त्याच्या फुप्फुसांत वायुकोश कमी असतात आणि असलेले मोठे व ढिले असतात. श्वासनलिकांभोवतीचा स्नायू जाड झालेला असतो आणि थोड्याशा कारणाने आवळतो. काहींच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब चढलेला असतो.

जन्म जितका आधी, वजन जितके कमी आणि ऑक्सिजनचे दिवस जितके जास्त, तितका डोळ्यालाही धोका आणि छातीलाही. त्यामुळे ज्या बाळाची छाती सर्वांत दुबळी, त्याच्याच डोळ्यांची तपासणी सर्वांत जास्त वेळा करावी लागते. दर एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहूनही लवकर, आणि दर वेळी तेच थेंब.

थेंबाचा छातीशी संबंध कोणी तपासला का? फिलाडेल्फियाच्या मिरमनेश, अब्बासी आणि भुतानी यांनी तपासला. त्यांचा निबंध १९९२ मध्ये ‘जर्नल ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये आला. त्यांनी बीपीडी झालेल्या बाळांच्या फुप्फुसांचे मोजमाप फेनिलेफ्रीनच्या संदर्भात केले आणि श्वासनलिका आकसल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. फेनिलेफ्रीन पेशींवरच्या ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) चेतवते त्यांना अल्फा ग्राही म्हणतात. ते रक्तवाहिन्यांच्या स्नायूत भरपूर असतात आणि श्वासनलिकांच्या स्नायूतही असतात. निरोगी छातीत त्यांच्या चेतण्याने फारसे बिघडत नाही, आजाराने चिडखोर झालेल्या छातीत बिघडू शकते. असे अभ्यास मोजक्याच बाळांवर होतात, त्यामुळे किती बाळांना किती त्रास होईल याचा नेमका आकडा त्यातून काढू नये. पण दिशा स्पष्ट आहे, आणि ती दाखवून तीन दशके लोटली आहेत.

डोळ्यातले औषध छातीला बाधते, याचा मोठ्यांमधला दाखला तर ठसठशीत आहे. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब अमेरिकेत १९७८ मध्ये मंजूर झाले. ते बीटा ग्राहींना अडवतात. पुढच्या काही वर्षांत दम्याच्या रुग्णांना त्या थेंबांनंतर दम्याचे झटके आल्याच्या, काही दगावल्याच्याही नोंदी झाल्या. तेव्हापासून काचबिंदूच्या रुग्णाला ‘दमा आहे का?’ हे विचारल्याशिवाय चांगला डॉक्टर ते लिहून देत नाही. कमी दिवसांच्या बाळाच्या बाबतीत तसाच प्रश्न, छाती कशी आहे हा, थेंब टाकण्याआधी विचारला गेला पाहिजे. विभागात डोळ्यांचे डॉक्टर बाहेरून येतात, त्यांच्या वेळेआधी तासभर परिचारिकेने थेंब टाकून ठेवायचे असतात, आणि या घाईत तो प्रश्न राहून जाऊ शकतो.

छातीखेरीज हृदय आणि पोट आहेच. फेनिलेफ्रीनने रक्तदाब वाढतो. बीपीडीच्या बाळाला छातीसाठी डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड चालू असेल तर त्यानेही वाढतो, आणि दोन्हींची भर एकमेकांवर पडते. फेनिलेफ्रीनबरोबर दुसरे औषध वापरतात, ट्रॉपिकॅमाइड किंवा सायक्लोपेन्टोलेट. बाहुली आवळणाऱ्या स्नायूला ते सैल करते. पण याच जातीच्या औषधाने आतड्याची हालचालही मंदावते. आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले की सायक्लोपेन्टोलेटच्या अर्ध्या टक्क्याच्या थेंबांनी कमी दिवसांच्या बाळांच्या जठरातले आम्ल घटते, पाव टक्क्याच्या थेंबांनी तसा फरक पडत नाही. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी पोट फुगले, दूध जिरेना, अशी तक्रार आली की डॉक्टर जंतुसंसर्ग शोधतात, आणि शोधलाच पाहिजे. मात्र आदल्या दिवशी टाकलेल्या थेंबांची नोंद केसपेपरवर असेल तर विचाराला आणखी एक धागा मिळतो.

तपासणीचा स्वतःचा ताणही असतो. पापण्या चापाने उघड्या ठेवतात, डोळा बोथट टोकाच्या साधनाने किंचित दाबून फिरवतात, प्रखर प्रकाश टाकतात. डोळ्यावर दाब आला की हृदयाचे ठोके मंदावणे ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. अशा तपासणीनंतर काही तासांत काही बाळे ‘श्वास घ्यायला विसरतात’. विभागातले डॉक्टर पालकांना याच शब्दांत सांगतात. त्यात थेंबाचा वाटा किती आणि हाताळणीचा किती, हे वेगळे करता येत नाही. आईच्या दुधाचे किंवा साखरपाण्याचे चार थेंब जिभेवर आणि दुपट्यात घट्ट गुंडाळलेले अंग यांनी वेदना कमी होते, हे मात्र पक्के ठाऊक आहे.

भारतातली अडचण आणखी वेगळी. इथे सर्रास मिळणारी बाटली ०.८ टक्के ट्रॉपिकॅमाइड आणि ५ टक्के फेनिलेफ्रीनची, मोठ्यांसाठी बनवलेली. बाळासाठी ती निम्मी पातळ करावी लागते, आणि ते काम बहुधा विभागातच होते. पातळ केलेल्या बाटलीवर तारीख व प्रमाण लिहिले नाही किंवा घाईत मूळ बाटलीच उचलली गेली, तर मात्रा तिथेच दुप्पट होते. दहा टक्क्यांच्या फेनिलेफ्रीनला तर नवजात विभागाच्या कपाटात जागाच नसावी. दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यांच्या रंगाची. गडद तपकिरी बुबुळातले रंगद्रव्य औषध धरून ठेवते, त्यामुळे बाहुली हळू मोठी होते. गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या बाळाला पुरणारे थेंब इथे अपुरे वाटतात आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. तिथे थांबायला शिकणे महत्त्वाचे. कारण बाहुली मोठी न होणे हे कधी कधी आजार बळावल्याचेच लक्षण असते. बुबुळातल्या वाहिन्या फुगल्या की बाहुली ताठरते. अशा डोळ्याला चौथा-पाचवा थेंब देण्यापेक्षा नेत्रतज्ज्ञाला तातडीने सांगणे योग्य.

उपाय महागडे नाहीत. थेंब टाकल्यावर आतल्या कोपऱ्यावर बोटाने मिनिटभर हलका दाब दिला की अश्रुनलिकेची वाट बंद होते. ओघळलेले औषध लगेच पुसले की कातडीतून जाणारा भाग वाचतो. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी सात-आठ मायक्रोलिटरचे सूक्ष्म थेंब कमी मात्रेत वापरून पाहिले. डोळ्यात मावेल तेवढेच औषध द्यायचे, असा सरळ विचार त्यामागे आहे, आणि तपासणीपुरती बाहुली त्यानेही उघडते. तपासणीआधी थोडा वेळ दूध थांबवणे, पायाला सॅच्युरेशनचा सेन्सर लावून ठेवणे आणि नंतर काही तास नजर ठेवणे, ही तर रोजच्या कामातलीच शिस्त आहे.

खरी गोची घरी सोडल्यानंतर होते. वाडी नागपूरच्या सीताबर्डीपासून आठ-दहा किलोमीटरवर, अमरावती रस्त्याला लागून. एका बाजूला अंबाझरीची आयुध निर्माणी, दुसरीकडे गोदामे आणि ट्रान्सपोर्टच्या गाड्यांची रांग. कमी दिवसांचे बाळ झाले की इथले कुटुंब मेडिकल, मेयो, डागा, हिंगणा रस्त्यावरचे लता मंगेशकर रुग्णालय, मिहानमधले एम्स किंवा एखादे खासगी रुग्णालय गाठते. महिना-दीड महिन्याने बाळ घरी येते, पण पडद्यावरच्या वाहिन्या कडेला पोहोचेपर्यंत डोळ्यांच्या फेऱ्या संपत नाहीत. त्या फेऱ्या बाह्यरुग्ण विभागात होतात. कालपर्यंत मॉनिटरला जोडलेले, आठवड्यापूर्वी ऑक्सिजन सुटलेले बाळ आता आईच्या मांडीवर रांगेत बसलेले असते. त्याच्या डोळ्यांत दर दहा-पंधरा मिनिटांनी थेंब पडतात आणि त्याच्या पायाला कोणतीही तार लावलेली नसते. कोविडच्या साथीत घरोघरी पोहोचलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे कामाचा नाही. मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेला चिमटा एवढ्या लहान बोटावर बसत नाही, बाळाच्या पायाला गुंडाळायचा मऊ सेन्सर लागतो. बीपीडी झालेल्या बाळांची तपासणी असा सेन्सर आणि ऑक्सिजन हाताशी असलेल्या खोलीत व्हावी, एवढी मागणी पालकांनी हक्काने करावी. डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. ‘याला ऑक्सिजन किती दिवस होता, छातीची कोणती औषधे चालू आहेत’ हे थेंब पडण्याआधीच सांगावे.

घरी परतल्यावर बाळ निळसर दिसले, बरगड्यांमध्ये खड्डे पडू लागले, श्वास थबकला, दूध सतत उलटू लागले किंवा पोट टणक झाले तर सकाळची वाट पाहू नये, १०८ला फोन करावा. आणखी एक गोष्ट आज्जींना विनवून सांगावी लागते. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि बाळाला दिली जाणारी ओव्याची, उदाची धुरी प्रेमापोटीच असते, पण बीपीडीच्या छातीला धूर सोसत नाही. तपासणीच्या दिवशी थेंब, प्रवासातली धूळ आणि संध्याकाळची धुरी एकत्र आली तर बाळाला कशाने त्रास झाला हे कोणालाच कळणार नाही. डोळ्यांत काजळ किंवा अंगावरचे दूध घालणेही नकोच.

हे सारे वाचून थेंबांच्या भीतीने तपासणी चुकवायचा विचार कोणाच्या मनात आला तर तो सर्वांत मोठा तोटा ठरेल. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये २९ आठवड्यांची, १२५० ग्रॅमची एक मुलगी जन्मली. डोळे तपासायला हवेत हे आईवडिलांना कोणी सांगितले नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली, तोवर ती अठरा वर्षांची झाली होती. जगात वेळेआधी जन्मणाऱ्या पाच बाळांतले एक भारतातले असते. २०२० मध्ये अशी ३० लाखांहून अधिक बाळे इथे जन्मली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या प्रशिक्षित बायकांच्या हातून नवजातांचे मृत्यू किती कमी करता येतात हे १९९९ मध्ये जगाला दाखवले. पुढे आशाताईंच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात विभाग उभे राहिले. पूर्वी जी बाळे वाचत नव्हती ती आता वाचतात, म्हणून त्यांच्या डोळ्यांचा आणि छातीचा प्रश्न आता आपल्यासमोर आहे.

सरकारचा नियम सोपा आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेले किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ असेल तर पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली आणि त्याच्या यादीत आरओपी आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाने नवजात विभागांत जाऊन बाळे तपासण्याचे काम नेटाने केले आहे. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८ पासून कॅमेरा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ तालुक्यांच्या गावी पाठवले आणि छायाचित्रे दूर बसलेल्या तज्ज्ञांनी वाचली. विदर्भातही अशी सोय गावोगाव झाली तर तपासणीसाठी अशक्त बाळाला घेऊन दूरचा प्रवास करावा लागणार नाही.

पडद्यावरच्या वाहिन्या कडेला पोहोचल्या की या थेंबांचे काम संपते. आरओपी होऊन गेलेल्या मुलांना पुढे चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा यांचा धोका जास्त असतो, म्हणून वर्षाच्या सुमारास नंबर पुन्हा तपासतात. त्यासाठी काही डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचे मलम तीन दिवस घरीच लावायला देतात. अ‍ॅट्रोपिनने चेहरा लाल होतो, तोंड कोरडे पडते, घाम येणे कमी होते आणि ताप चढू शकतो. छातीतला कफही त्याने घट्ट होतो, आणि बीपीडी झालेल्या मुलाला तेच नको असते. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत घाम न येणारे मूल लवकर तापते. म्हणून मलम हाती घेताना पालकांनी मुलाच्या छातीचा जुना आजार आठवणीने सांगावा, ही तपासणी पावसाळ्यानंतर चालेल का ते विचारावे, आणि मलम लावलेच तर दर वेळी तांदळाच्या दाण्याएवढेच लावावे, आणि नंतर हात साबणाने धुवावेत.